हेवन अँड हेल (अल्बम)

हेवन अँड हेल हा ब्लॅक सॅबाथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा नववा स्टुडिओ अल्बम आहे. तो एप्रिल १९८० मध्ये प्रकाशित झाला. मूळ गायक ऑझी ऑझबर्न यांच्याशिवाय बँडने केलेला हा पहिला अल्बम असून त्यात अमेरिकन गायक रॉनी जेम्स डिओ यांनी गायन केले आहे. मार्टिन बर्च हे त्याचे निर्माते होते.

पार्श्वभूमी

ब्लॅक सॅबाथची स्थापना १९६८ मध्ये बर्मिंगहॅम येथे झाली. ऑझबर्न, गिटारवादक टोनी आयोमी, बास गिटारवादक गीझर बटलर आणि ड्रमवादक बिल वॉर्ड या चौघांनी १९७० ते १९७८ या काळात आठ अल्बम केले. 'टेक्निकल एक्स्टसी' (१९७६) व 'नेव्हर से डाय!' (१९७८) या अखेरच्या दोन अल्बमना मात्र पूर्वीच्या तुलनेत थंड प्रतिसाद मिळाला. मद्य व अमली पदार्थांच्या अतिसेवनामुळे बँडचे काम खोळंबू लागले होते. १९७९ मध्ये लॉस एंजेलिस येथे नव्या अल्बमची तयारी सुरू असताना ऑझबर्न यांना बँडमधून काढण्यात आले. हा निर्णय त्यांना कळवण्याचे काम त्यांचे निकटचे मित्र वॉर्ड यांच्याकडे आले.

त्याच सुमारास डिओ हे रेनबो या बँडमधून बाहेर पडले होते. व्यवस्थापक डॉन आर्डेन यांची कन्या शॅरन यांनी त्यांची आयोमी यांच्याशी ओळख करून दिली. दोघांनी मिळून पूर्ण केलेले पहिले गाणे म्हणजे 'चिल्ड्रन ऑफ द सी'.

निर्मिती

अल्बम तयार होत असतानाही बँडची रचना स्थिर नव्हती. बटलर वैयक्तिक कारणास्तव काही काळ दूर गेले. त्यामुळे बरीचशी गाणी त्यांच्या अनुपस्थितीत रचली गेली. या काळात क्वार्ट्झ बँडचे जेफ निकल्स आणि डिओ यांचे जुने सहकारी क्रेग ग्रुबर यांनी बास गिटारची बाजू सांभाळली. बटलर परतल्यावर निकल्स यांनी कीबोर्डची जबाबदारी घेतली. ध्वनिमुद्रण मायामी येथील क्रायटेरिया स्टुडिओ आणि पॅरिस येथील स्टुडिओ फर्बर येथे झाले. मद्यपानाच्या आहारी गेलेल्या वॉर्ड यांनी आपल्याला या ध्वनिमुद्रणाचे काहीच आठवत नाही, असे पुढे सांगितले.

संगीत व गीते

गायक बदलल्याने गाणी रचण्याची पद्धतही बदलली. ऑझबर्न यांचे गायन बऱ्याचदा गिटारच्या रिफला, म्हणजे पुनःपुन्हा वाजणाऱ्या लहान स्वरावलीला धरून चालत असे. डिओ रिफवर स्वतंत्र चाल गात. त्यामुळे आयोमी यांना स्वरसंगतीत अधिक फेरफार करण्यास वाव मिळाला. पूर्वी बहुतांश गीते बटलर लिहीत असत. या अल्बमची सर्व गीते डिओ यांची आहेत.

गाण्यांची यादी

पहिली बाजू:
१. निऑन नाईट्स
२. चिल्ड्रन ऑफ द सी
३. लेडी ईव्हल
४. हेवन अँड हेल

दुसरी बाजू:
५. विशिंग वेल
६. डाय यंग
७. वॉक अवे
८. लोनली इज द वर्ड

मुखपृष्ठ

मुखपृष्ठावर धूम्रपान करत पत्ते खेळणाऱ्या तीन देवदूतांचे चित्र आहे. ते लिन कर्ली या चित्रकाराचे असून, देवदूतांच्या वेशात विश्रांतीच्या वेळी धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या १९२८ मधील छायाचित्रावरून ते सुचले होते.

प्रतिसाद

अल्बम ब्रिटनच्या यादीत नवव्या, तर अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत २८व्या स्थानापर्यंत पोहोचला. अमेरिकेत त्याला पुढे प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळाले. मूळ गायकावाचून ब्लॅक सॅबाथ हे नाव वापरणे योग्य आहे का, याविषयी काही चाहत्यांमध्ये मतभेद राहिले. तरीही अल्बमच्या यशामुळे बँडला नवसंजीवनी मिळाली. याच दौऱ्यांत डिओ यांनी तर्जनी व करंगळी उभारून केलेली हस्तमुद्रा चाहत्यांमध्ये रूढ झाली आणि ती पुढे हेवी मेटलची खूण मानली जाऊ लागली. आपल्या इटालियन वंशाच्या आजीकडून, दृष्ट टाळण्याचा उपाय म्हणून आपण ती शिकलो, असे डिओ सांगत.

नंतरचा काळ

रचनेतील बदल अल्बमनंतरही थांबले नाहीत. ऑगस्ट १९८० मध्ये वॉर्ड यांनी दौरा अर्धवट सोडला आणि त्यांच्या जागी विनी अपिसी आले. त्याच वर्षी ऑझबर्न यांचा 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' हा अल्बम प्रकाशित झाला व तोही यशस्वी ठरला. एका विभक्तीतून अशा प्रकारे दोन स्वतंत्र वाटचाली सुरू झाल्या. नव्या रचनेने 'मॉब रूल्स' (१९८१) हा अल्बम केला. १९८२ मध्ये डिओ व अपिसी बाहेर पडले. १९९२ च्या 'डीह्यूमनायझर'साठी हे चौघे पुन्हा एकत्र आले. २००६ पासून आयोमी, बटलर, डिओ व अपिसी यांनी 'हेवन अँड हेल' याच नावाने बँड चालवला. १६ मे २०१० रोजी डिओ यांचे निधन झाले आणि त्या वर्षीच हा बँड संपुष्टात आला.