कॅटलिना : पडद्यावर न दिसलेला बदल

ॲपलच्या मॅक संगणकांची मॅकओएस कॅटलिना ही प्रणाली ७ ऑक्टोबर २०१९ रोजी आली, तेव्हा चर्चा झाली ती आयट्यून्सच्या जागी म्युझिक, पॉडकास्ट्स आणि टीव्ही अशी तीन ॲप आल्याची. मोलाचा बदल मात्र डिस्कच्या मांडणीत होता. तोवर सिस्टिमच्या फायली आणि वापरणाऱ्याच्या फायली एकाच व्हॉल्यूमवर, म्हणजे डिस्कच्या एकाच विभागात, नांदत. कॅटलिनाने त्यांची वाटणी केली आणि सिस्टिमचा व्हॉल्यूम फक्त वाचण्यापुरता खुला ठेवला. २०१५ च्या एल कॅपिटन या आवृत्तीपासून या फायलींना संरक्षण होतेच, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. ते संरक्षण नियमाचे होते. आता लिहिण्याची जागाच निराळी झाली. म्हणूनच पुढच्या वर्षी आलेल्या बिग सर या आवृत्तीला संपूर्ण सिस्टिम व्हॉल्यूमवर डिजिटल मोहोर लावता आली. यंत्रावरचा मालकाचा ताबा गेला, हा आक्षेपही टिकत नाही, कारण संरक्षण बंद करून तो व्हॉल्यूम लिहिण्यासाठी उघडण्याची सोय कॅटलिनात होती.

३२ बिट ॲप चालणे बंद झाले, ही तक्रार मात्र रास्त आहे. ॲपलने २०१८ पासून सूचना दिल्या हे खरे. पण ज्या ॲपचा निर्माताच उरला नाही, त्याच्या वापरकर्त्याने त्या सूचनेचे करायचे काय? ६४ बिट विंडोजवर अशी जुनी ॲप आजही चालतात. डिस्कच्या वाटणीसाठी हा बळी आवश्यक नव्हता. ते दोन वेगळे निर्णय होते. ३२ बिट ॲपसाठी कॅटलिनाआधीच्या मोजावे आवृत्तीवर थांबणाऱ्यांनाही २०२१ नंतर सुरक्षा अपडेट मिळाले नाहीत.