माकडताप, माकडांचा हिवताप आणि प्रश्नावलीची भाषा : कर्जत-खालापूरच्या संदर्भात

मराठीत 'माकडताप' हा शब्द आता रूढ झाला आहे. परंतु तो ज्या रोगास लावला जातो तो हिवतापाचा प्रकार नाही. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे व वानरे मरून पडू लागली आणि भोवतालच्या गावांतील माणसे तापाने आजारी झाली. पुण्याच्या विषाणु-संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, हा ताप एका विषाणूमुळे येतो व गोचिडांच्या द्वारा पसरतो असे सिद्ध केले. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला, आणि तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांत 'माकडताप' हे नाव स्थिरावले. माकडांच्या रक्तातील हिवतापाचे परोपजीवी डासांच्या द्वारा माणसात येणे ही याहून सर्वस्वी निराळी घटना होय. तिला मराठीत स्वतंत्र नाव नाही. नाव नसलेली गोष्ट जवळच्या नावाखाली जाऊन बसते, आणि मग एका रोगाविषयी विचारलेल्या प्रश्नास दुसऱ्या रोगाचे उत्तर मिळते. कर्जत व खालापूर या तालुक्यांत असा प्रश्न विचारावयाचा झाल्यास तो कोणत्या शब्दांत विचारावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम प्राण्याचे नाव. 'माकड' व 'वानर' हे शब्द ग्रंथांत पुष्कळदा पर्यायशब्द म्हणून योजलेले आढळतात; सह्याद्रीच्या पायथ्याशी मात्र त्यांतील भेद सहसा पाळला जातो. तांबूस तोंडाचे, डोक्यावर टोपीसारखे केस असलेले ते माकड. काळ्या तोंडाचे, लांब हातापायांचे ते वानर. माथेरानवर प्रवाशांच्या हातातील खाऊ पळविणारे पहिले. हा भेद येथे केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नाही. दक्षिण भारतात माकडांच्या रक्तात हिवतापाचे जे परोपजीवी सापडले आहेत, म्हणजे प्लास्मोडियम सायनोमोल्जी, इनुई व फ्रॅजाइल, ते याच टोपीवाल्या माकडात. क्यासनूरच्या विषाणूने मात्र माकडांबरोबर वानरेही मोठ्या प्रमाणावर मरतात. शिवाय हिवतापाचे परोपजीवी आपल्या नैसर्गिक आश्रयदात्या माकडात दीर्घकाळ राहतात आणि सहसा त्यास मारीत नाहीत. तेव्हा 'रानात माकडे मेलेली दिसली काय?' हा प्रश्न माकडतापाच्या शोधात अत्यंत मोलाचा असला, तरी माकडांच्या हिवतापाच्या शोधात निरुपयोगी ठरतो. त्याचे 'नाही' हे उत्तर काहीच सांगत नाही.

दुसरे नाव तापाचे. आयुर्वेदाने विषमज्वराचे जे प्रकार मानले त्यांत अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक हे तीन पाळीवरून ओळखावयाचे. अन्येद्युष्क दिवसातून एकदा येतो. तृतीयक तिसऱ्या दिवशी, म्हणजे मध्ये एक दिवस सोडून. चतुर्थक मध्ये दोन दिवस सोडून. मोजणी पहिला दिवस धरून होते. मराठीतील 'एकांतरा' या शब्दात मात्र मधल्या दिवसाचीच गणना आहे, म्हणून तृतीयक आणि एकांतरा हे एकच. आधुनिक परिभाषेत ही अंतरे अनुक्रमे २४, ४८ व ७२ तासांची होतात. माणसाचा नेहमीचा व्हायवॅक्स आणि माकडांचा सायनोमोल्जी हे दोन्ही ४८ तासांचे. माणसाचा मलेरिए व माकडांचा इनुई ७२ तासांचे. आणि आग्नेय आशियातील माकडांचा नोलेसी २४ तासांचा. अर्थात पाळी ही केवळ खूण आहे, प्रमाण नव्हे. आरंभीच्या दिवसांत माणसाचा हिवतापही रोज येऊ शकतो. परंतु रुग्णास 'थंडी वाजून ताप येतो का?' एवढेच विचारले, तर ही खूणही हातची जाते. (जाता जाता : 'विषमज्वर' हाच शब्द पुढे मराठीत टायफॉइडसाठी योजला जाऊ लागला. जुना वैद्यकग्रंथ व आजचे वृत्तपत्र शेजारी ठेवून वाचणाऱ्याने येथे सावध असावे.)

सूक्ष्मदर्शकाखालीही नावांचा असाच घोटाळा होतो. नोलेसी माणसास होऊ शकतो हे कलकत्त्यात नोल्स व दासगुप्त यांनी १९३२ सालीच दाखविले होते, आणि निसर्गतः झालेला पहिला रुग्ण १९६५ साली मलायातून परतलेल्या एका अमेरिकन गृहस्थाच्या रूपाने आढळला. तरीही ती एक विरळ गोष्ट मानली गेली. सारावाकमधील कापित येथे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत हिवतापाच्या २०८ रुग्णांपैकी १२० जणांत नोलेसी निघाला. काचपट्टीवर तो मलेरिएसारखा दिसत असल्याने तोवर त्याच नावाखाली नोंदला जात होता. सायनोमोल्जीचे साम्य तर व्हायवॅक्सशी आहे. तो डासांच्या द्वारा माणसास होतो हे १९६० साली अमेरिकेतील प्रयोगशाळेत अपघाताने कळले, आणि निसर्गतः झालेला पहिला रुग्ण मलेशियातून २०१४ साली नोंदला गेला. कर्जत-खालापूरच्या दृष्टीने अधिक विचारणीय परोपजीवी हाच आहे. नोलेसीचे नैसर्गिक आश्रयदाते, म्हणजे लांब शेपटीचे व डुकरासारख्या शेपटीचे माकड, या डोंगरांत नाहीत. सायनोमोल्जीचा आश्रयदाता आहे. आणि जेथे व्हायवॅक्स परिचित आहे तेथे व्हायवॅक्ससारख्या दिसणाऱ्या काचपट्टीविषयी कोणी शंका घेत नाही.

साखळीचा उरलेला दुवा डासाचा. माकडांचा हिवताप माणसापर्यंत आणणारे डास बहुतांशी अ‍ॅनॉफिलीस ल्युकोस्फायरस या गटाचे असतात. दाट झाडीतील सावलीच्या डबक्यांत ते वाढतात व घराबाहेर चावतात. निलगिरीत या गटातील अ‍ॅनॉफिलीस एलेगन्स हा माकडांच्या हिवतापाचा नैसर्गिक वाहक असल्याचे १९६३ साली दाखविण्यात आले. या गटाच्या भारतातील नोंदी मुख्यत्वे दक्षिण सह्याद्री, ईशान्य भारत आणि अंदमान-निकोबार येथील आहेत. कोकणच्या पायथ्याचे परिचित वाहक निराळे : ओहोळांच्या संथ, स्वच्छ पाण्यातला फ्लुविएटिलिस आणि भातखाचरे व डबकी पसंत करणारा क्युलिसिफेसीस. दुसरा तर माणसापेक्षा गुरांकडे अधिक ओढला जातो. म्हणून उल्हास व पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत माकड आहे, माणूस आहे, रान आहे, एवढ्यावरून धोका सिद्ध होत नाही. वाहकाचा दुवा तपासल्यावाचून काहीच म्हणता येत नाही.

धोका वाढविणाऱ्या गोष्टी कोणत्या, हे साबाहमधील २०१७ सालच्या एका अभ्यासावरून कळते. प्रौढ पुरुष, मळ्यांतील कामकरी, घराबाहेर निजणारे आणि झाडी तोडणारे यांना नोलेसीचा उपसर्ग अधिक झालेला आढळला. या यादीतील प्रत्येक बाब कर्जत-खालापुरात ओळखीची आहे. मात्र ती प्रश्नावलीत आणताना अडचण येते, ती शब्दांची.

'आपण जंगलात जाता काय?' हा प्रश्न घ्यावा. डोंगरउतारावर दळीची जमीन कसणाऱ्या ठाकर वा कातकरी बाईला तो विचारल्यास ती 'नाही' म्हणण्याचा संभव आहे, आणि ते खरेही असेल. ती जाते ते आपल्या दळीवर, नाचणी-वरईच्या वरकसात. तीच जमीन वनखात्याच्या नकाशावर जंगल असते. एकाच उताराची ही दोन नावे दोन हक्कांची नावे आहेत, आणि त्या हक्कांविषयीचा वाद जुना आहे. प्रश्नकर्त्याने 'जंगल' म्हटले की त्यास वनरक्षकाचा वास येतो. ज्या समाजाचे नावच खैराच्या कातावरून पडले, त्याला रानाशी संबंध आहे का असे विचारणे हे एरवीही चमत्कारिकच. तेव्हा प्रश्न जागेच्या नावाने विचारावा : दळीवर गेला होता का, लाकूडफाट्याला गेला होता का, पिकाच्या राखणीला गेला होता का.

राखणीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण राखण रात्रीची असते आणि ती शेतातल्या माळ्यावर, झाडीला लागून होते. नमुन्यातील 'राहण्याचे ठिकाण' हा रकाना येथे निकामी आहे. त्यात वाडीचे नाव येते. माणूस त्या पंधरवड्यात कोठे निजला हे येत नाही. पावसाळा संपल्यावर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात, तेव्हा ताप एका तालुक्यात चढतो आणि नोंद दुसऱ्याच तालुक्यात होते. 'वस्ती' हा शब्द वापरावा तर तोही दुहेरी आहे : 'वस्ती कोठे?' म्हटल्यास घराचे उत्तर मिळते आणि 'वस्तीला कोठे होता?' म्हटल्यास रात्रीच्या मुक्कामाचे. एका विभक्तिप्रत्ययाने येथे रोगाच्या नोंदीची दिशा बदलते.

ठाकरी व कातकरी या बोलींचे नमुने ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या मराठीविषयक सातव्या खंडात १९०५ सालीच आले आहेत. परंतु तापाच्या पाळ्या, रात्रीच्या मुक्कामाची ठिकाणे व झाडीचे प्रकार यांसाठी या बोलींत कोणते शब्द आहेत, याचे संकलन अशा नमुन्यांतून होणारे नव्हे. त्यासाठी वाडीवर जाऊन, भादव्यात राखणीच्या दिवसांत, शब्द ज्या कामाबरोबर उच्चारले जातात त्या कामाबरोबरच टिपून घ्यावे लागतील. आरोग्य खात्याच्या प्रश्नावल्या बोलींत उतरविण्याचे काम भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडे येते तेव्हा ते भाषांतर म्हणून हाती घेतले जाते. वास्तविक या शब्दांचा संग्रह आधी व्हावयास हवा आणि प्रश्न त्यातून घडावयास हवेत.