सर्व्हर मोकळा, तरी दर्शन अडलं: ‘टू मेनी ओपन फाइल्स’ म्हणजे काय?

परळच्या आमच्या मंडळासाठी मी लाइव्ह दर्शनाचं पान बनवलं होतं. चाळ सोडून विरार-बदलापूरला राहायला गेलेल्यांना घरबसल्या आरती दिसावी म्हणून. पहिल्याच संध्याकाळी घोळ झाला. आधी आलेल्यांना आरती छान दिसत होती, नव्यांच्या मोबाइलवर मात्र नुसतं गोल फिरत होतं.

मी घाईघाईत मोठा सर्व्हर भाड्याने घेतला. पैसे वर्गणीतले! तरी हजाराच्या आसपास लोक आले की पुन्हा तेच. प्रोसेसर निवांत, रॅम अर्धी रिकामी. शेवटी लॉग उघडला, तर एकच ओळ पुन्हा पुन्हा: ‘टू मेनी ओपन फाइल्स’.

फाइल्स कुठल्या?

लिनक्सच्या हिशेबात नेटवर्क कनेक्शनसुद्धा उघडी फाइलच असते. प्रत्येक उघड्या फाइलला कर्नल एक नंबर देतो, त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. 0, 1 आणि 2 हे नंबर सहसा इनपुट, आउटपुट आणि एररसाठी आधीच गेलेले असतात. म्हणजे पान बघणारा प्रत्येक मोबाइल एक नंबर अडवून बसतो. माझा पायथन प्रोग्राम एकाच प्रोसेसमध्ये चालत होता आणि त्याची मर्यादा होती 1024. सर्व्हर कितीही मोठा घेतला तरी हा आकडा तोच!

दोरी आणि बॅरिकेड

लालबागला दर्शनाची रांग आठवा. कार्यकर्त्यांच्या हातातली दोरी मागेपुढे होते, ती सॉफ्ट लिमिट. लोखंडी बॅरिकेड म्हणजे हार्ड लिमिट. प्रोग्राम स्वतःची दोरी बॅरिकेडपर्यंत सरकवू शकतो, पण बॅरिकेड पुढे न्यायला रूटचा अधिकार लागतो. शिवाय सगळ्या प्रोसेस मिळून किती फाइल्स उघडता येतील, याची वेगळी मर्यादा असते: ‘फाइल-मॅक्स’.

मग दोरी 1024 वरच का? ‘सिलेक्ट’ नावाचा जुना सिस्टिम कॉल 1024 च्या पुढचे नंबर हाताळूच शकत नाही. जुने प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून सॉफ्ट लिमिट अजून तिथेच ठेवतात.

युजरवरही मर्यादा असते: ‘एनप्रॉक’. एका युजरच्या नावावर सगळे मिळून किती प्रोसेस आणि थ्रेड चालतील, ते ती ठरवते. अँड्रॉइडमध्ये तर प्रत्येक ॲप सहसा वेगळा लिनक्स युजर असतो!

मी कुठे फसलो?

मी ‘लिमिट्स डॉट कॉन्फ’ फाइलमध्ये आकडा वाढवला. फरक शून्य. कारण ती फाइल लॉगिन करणाऱ्या युजरला लागू होते. माझा प्रोग्राम सिस्टिमडी चालवत होता, त्यामुळे सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्येच ‘लिमिटनोफाइल=16384’ लिहावं लागलं. मग सिस्टिमडीला युनिट फाइल पुन्हा वाचायला लावली, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि दर्शन सुरू!

पण रात्री दोन वाजता, बघणारं जवळपास कोणी नसताना, ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये त्या प्रोसेसचं ‘एफडी’ फोल्डर उघडून नंबर मोजले. शेकडो अजून अडकलेले. लोकलमध्ये नेटवर्क गेलं की मोबाइल गायब होतो, पण ‘मी निघालो’ हे सर्व्हरला कळत नाही, आणि कनेक्शन उघडंच राहतं. मी टाइमआउट लावलाच नव्हता. नुसता आकडा वाढवून थांबलो असतो, तर विसर्जनापर्यंत तोही भरला असता.

तेव्हा आधी मोजा, मग वाढवा. गर्दी ओसरल्यावर आकडा खाली येत असेल तर मर्यादा खरंच कमी आहे, वाढवा. येत नसेल तर गळती आहे, आधी कोड दुरुस्त करा.

तुमच्या अँड्रॉइड फोनवर टर्मक्स असेल तर ‘युलिमिट -एन’ टाइप करून सॉफ्ट लिमिट आणि ‘युलिमिट -एचएन’ने हार्ड लिमिट बघा. आणि हो, त्या मोठ्या सर्व्हरचं भाडं मी नंतर माझ्या खिशातून भरलं. वर्गणीच्या हिशेबात माझी चूक कशाला?