पाठमोरी मुलं

लँकेस्टर (पेनसिल्व्हेनिया) :

इथे मोटारी मुकाट्याने घोडागाडीच्या मागे चालतात. गाडी आमिश शेतकऱ्याची. हातात कॅमेरा घेतलेला पाहुणा दिसला, की गाडीतली गवती हॅट किंचित खाली झुकते. परवा तो पाहुणा मीच होतो. ओशाळून कॅमेरा पिशवीत टाकला.

आमिश आणि मेनोनाइट हे सोळाव्या शतकातल्या ॲनाबॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे वारस. आमिश 1693 साली वेगळे निघाले. मेनोनाइटांतले बरेच जण आज मोटारीही चालवतात आणि फोटोही काढून घेतात. जुन्या वळणाच्या आमिशांना मात्र कॅमेऱ्यासमोर उभं राहणं नको. बायबलची आज्ञा आहे, प्रतिमा घडवू नये. शिवाय त्यात ‘होखमूट’ येतो, म्हणजे गर्व. त्यामुळे नकळत टिपलेल्यापेक्षा ऐटीत काढून घेतलेला फोटो त्यांना जास्त खटकतो.

तरी फोटो आहेतच. 1942 साली जॉन कॉलियर ज्युनियर या सरकारी छायाचित्रकाराने याच जिल्ह्यातले आमिश आणि मेनोनाइट टिपले. पण गाजला तो आयोवातल्या हेझलटनजवळचा, नोव्हेंबर 1965 मधला. आमिशांच्या एकखोली शाळेत शिकवणाऱ्यांकडे सरकारी प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून अधिकारी मुलांना गावातल्या शाळेत न्यायला बस घेऊन आले. मुलं उधळली आणि कुंपणापलीकडच्या मक्याच्या शेताकडे धावत सुटली. फोटोत दिसतात त्या पाठी. पण देशभर लोक हळहळले, आणि 1967 मध्ये आयोवाच्या विधिमंडळाने आमिशांना सूट दिली. फोटो नको म्हणणाऱ्यांची शाळा वाचवायला फोटोचा हातभार लागावा, याची मला गंमत वाटते.

पुढे 1972 मध्ये विस्कॉन्सिनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठवीनंतर शाळेची सक्ती नको, असा निकाल आमिश पालकांच्या बाजूने दिला. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र अंशतः वेगळं मत नोंदवलं: मुलांना काय हवं, ते मुलांना विचारायला हवं. मला ते पटतं. हेझलटनच्या फोटोतही एवढंच कळतं, की मुलं घाबरली होती. मोठेपणी त्यांना काय व्हायचं होतं, ते पाठीवरून कसं वाचणार?

दुपारी शाळा सुटली. मुलं पायाने ढकलायच्या स्कूटरवरून घरी निघाली. सायकल इथल्या आमिशांत बसत नाही. एकाने हात हलवला, मीही हलवला.

इकडे आलात तर कॅमेरा पिशवीतच ठेवा. कॉलियरची छायाचित्रं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. ती कुणालाही पाहता येतात.