गोठणामुळे इंजिनाला जाणारे तडे

गोठणामुळे इंजिनाला जाणारे तडे हा पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांत, शीतन प्रणालीतील पाणी कडाक्याच्या थंडीत गोठल्याने उद्भवणारा दोष आहे. युरोप व उत्तर अमेरिकेतील जुन्या मोटारी, ट्रक आणि ट्रॅक्टर यांत तो विशेषकरून आढळतो. अशा वाहनांसाठी नवा इंजिन ब्लॉक सहसा मिळत नाही. शिवाय अनेक वाहनांचा इंजिन क्रमांक ब्लॉकवरच कोरलेला असल्याने ब्लॉक बदलल्यास वाहनाची मूळ ओळख हरवते. म्हणून शक्य तेथे तडकलेला ब्लॉकच दुरुस्त केला जातो.

कारण

पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. सिलिंडरांभोवतीच्या पोकळीत, म्हणजे वॉटर जॅकेटमध्ये, या वाढीला पुरेशी जागा नसते. जुने ब्लॉक बहुधा बिडाचे असतात. बीड ठिसूळ असल्याने ताण पडताच न वाकता तडकते. ब्लॉकच्या बाजूस बसवलेली पत्र्याची गोल बुचे गोठणाच्या वेळी बाहेर पडून ब्लॉक वाचवतात, असा समज आहे. प्रत्यक्षात ती छिद्रे ओतकामातील वाळूचा गाभा काढण्यासाठी ठेवलेली असतात. बूच निसटूनही ब्लॉक फुटू शकतो.

लक्षणे व तपासणी

चिरेत बर्फ असेपर्यंत गळती दिसत नाही. बर्फ वितळल्यावर ती सुरू होते. बाहेरील भिंतीच्या तड्यातून पाणी झिरपते, तर आतील तड्यातून ते वंगणतेलात मिसळून तेल दुधाळ होते. तपासणीसाठी वॉटर जॅकेटची तोंडे बंद करून आत दाबाखाली हवा सोडतात व बाहेरून साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे येतात तेथे तडा असतो. तड्याची नेमकी टोके झिरपणाऱ्या रंगद्रव्याने शोधली जातात.

दुरुस्ती

वॉटर जॅकेटच्या बाहेरील भिंतीतील तडा दुरुस्तीस सर्वांत सोपा असतो. त्यासाठी धातूची शिवण ही पद्धत वापरतात. तड्यावर छिद्र पाडून, त्यात आटे पाडून स्क्रू बसवतात. पुढील छिद्र आधीच्या स्क्रूचा काही भाग कापून पाडले जाते. अशा रीतीने संपूर्ण तडा एकमेकांत गुंतलेल्या स्क्रूंनी भरला जातो. या कामात उष्णता लागत नसल्याने ब्लॉक वाकत नाही.

वेल्डिंग अधिक जोखमीचे असते. बिडातील कार्बनमुळे जोडाजवळचा भाग जलद थंड झाल्यास कठीण व ठिसूळ बनतो आणि शेजारी नवा तडा जाऊ शकतो. म्हणून ब्लॉक आधी तापवून, निकेलयुक्त इलेक्ट्रोडने जोडून, अतिशय सावकाश थंड करतात.

सिलिंडरच्या भिंतीला तडा गेल्यास सिलिंडर मोठा कातून त्यात नवी स्लीव्ह ठोकतात. तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या फुटलेल्या नळ्यांना डाख देता येतो. दुरुस्तीनंतर दाबचाचणी पुन्हा घेतली जाते.

प्रतिबंध

पूर्वी हिवाळ्यात रात्री शीतन प्रणालीतील पाणी काढून टाकण्याची प्रथा होती. मात्र तोटी गाळाने तुंबल्यास तळाशी पाणी उरते. पाण्यात अल्कोहोलही मिसळत, पण इंजिन तापल्यावर ते उडून जाई. एथिलीन ग्लायकॉल तसे सहज उडत नाही. पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे समप्रमाणातील मिश्रण सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही.