कर्करोग : निदान आणि उपचार एकाच कणात?

दोन महिन्यांपूर्वी माझ्या दवाखान्यात पंचावन्न वर्षांच्या एक बाई मुलाबरोबर आल्या. स्तनातील गाठीचा तुकडा तपासून कर्करोगाचे निदान झालेले होते. शस्त्रक्रियेची तारीखही ठरली होती. पण मुलाने ती परस्पर रद्द केली होती. मोबाइलवर एक चित्रफीत दाखवून तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आता नॅनोचं इंजेक्शन निघालंय. त्यानं गाठ दिसते पण आणि जळते पण. मग आईला कापाकापी कशाला?"

मुलाची माया खोटी नव्हती आणि चित्रफितीतील सर्वच माहितीही खोटी नव्हती. म्हणूनच हा विषय वाचकांपुढे मांडतो आहे.

प्रथम 'नॅनो' म्हणजे काय ते पाहू. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे सात हजार नॅनोमीटर रुंद असते. औषधासाठी वापरले जाणारे नॅनोकण साधारणपणे शंभर-दीडशे नॅनोमीटरच्या आतबाहेर असतात. कर्करोगाची गाठ घाईघाईने वाढते, त्यामुळे तिच्यातील नव्या रक्तवाहिन्या कच्च्या बांधकामासारख्या असतात. त्यांच्या भिंतींना फटी राहतात. निरोगी वाहिनीतून सहसा बाहेर न पडणारे कण या फटींतून गाठीत झिरपतात, असे यामागील तत्त्व आहे.

एकाच पदार्थाने रोग पाहायचा आणि त्यानेच तो मारायचा, ही कल्पना मात्र जुनी आहे. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी रक्तातील आयोडीन ओढून घेते. किरणोत्सर्गी आयोडीन पोटात दिले तर तेही ती ओढते. त्यातून निघणारे गॅमा किरण शरीराबाहेरच्या कॅमेऱ्याला दिसतात आणि बीटा किरण आसपासच्या पेशी मारतात. थोडी मात्रा दिली तर रोग कुठे पसरला ते कळते, मोठी मात्रा दिली तर उपचार होतो. थायरॉईडच्या कर्करोगावर १९४० च्या दशकापासून हा उपाय चालत आला आहे. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून अशा कामासाठी उभे आहे.

थायरॉईडला आयोडीनची ओढ आहे, तशी सोयीची ओढ प्रत्येक कर्करोगाला नसते. तिथे नॅनोकण उपयोगी पडतील का, याचा शोध चालू आहे. फ्रान्समध्ये तयार झालेल्या गॅडोलिनियम धातूच्या कणांचे उदाहरण घेऊ. हा धातू एम.आर.आय. तपासणीत चित्र ठळक करण्यासाठी पूर्वीपासून वापरला जातो. त्याचे कण शिरेतून दिले की गाठ एम.आर.आय.मध्ये उठून दिसते. नंतर त्या जागी क्ष-किरण सोडले की जड धातूचे अणू ते शोषतात आणि त्यांतून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन जवळच्या पेशींना इजा करतात. म्हणजे तेवढ्याच किरणांचा मार गाठीवर जास्त बसतो. हे कण पाच नॅनोमीटरपेक्षाही लहान असल्याने उरलेले मूत्रपिंडांवाटे लघवीतून निघून जातात.

मेंदूत कर्करोग पसरलेल्या पंधरा रुग्णांवर ग्रेनोबल येथे याची पहिली चाचणी झाली. कण गाठींत पोचलेले चित्रात दिसले. मात्र उपाय सुरक्षित आहे का व मात्रा किती असावी, हे ठरवणे हा अशा पहिल्या चाचणीचा हेतू असतो. त्यावरून रोग बरा होतो असे म्हणता येत नाही.

अडचणीही मोठ्या आहेत. शरीरात कोणतेही परके कण शिरले की यकृत आणि प्लीहा त्यांना पकडतात. अनेक वर्षांच्या प्रयोगांचा २०१६ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा प्राण्यांना दिलेल्या कणांपैकी साधारण ०.७ टक्केच गाठीत पोचतात असे आढळले. शंभर पत्रे टाकावीत आणि पत्त्यावर एखादेच पोचावे, तसा हा प्रकार!

तरीही नॅनो म्हणजे निव्वळ स्वप्न नव्हे. चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरलेले डॉक्सोरुबिसिन हे औषध अमेरिकेत १९९५ मध्येच मंजूर झाले, आणि ते आपल्याकडेही मिळते. पिशवीमुळे हृदयाला होणारा त्रास कमी होतो. पण हे कण औषध वाहून नेतात, चित्र दाखवत नाहीत. आणि ते शस्त्रक्रियेला पर्यायही नाहीत.

हे सारे मी त्या मुलाला समजावले. तो गप्प राहिला. आई मात्र म्हणाली, "हे शोध पुरे होईपर्यंत माझी गाठ थांबणार आहे का?" याहून नेमका प्रश्न मलाही सुचला नसता. पुढच्याच आठवड्यात त्यांची शस्त्रक्रिया झाली. पुढील औषधे आता सुरू आहेत.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे :

१) 'नॅनो' नावाची पुडी, थेंब वा भस्म कर्करोगावर कोणी विकत असेल, तर आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक पैसाही देऊ नये.

२) नव्या उपचाराबद्दल ऐकले तर तीन प्रश्न विचारावेत : चाचणी माणसांवर झाली का? आपल्याच प्रकारच्या कर्करोगावर झाली का? उपचाराला मान्यता मिळाली का?

३) चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाची लेखी संमती घेतली जाते. चाचणीतील औषधासाठी पैसे मागितले, तर सावध व्हावे.

४) न दुखणारी गाठ, तोंडातील तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, यांपैकी काहीही असल्यास त्वरित तपासून घ्यावे.

नवे शोध जरूर यावेत, आपण त्यांचे स्वागत करू. पण हाती असलेला उपाय सोडून त्यांची वाट पाहू नये.