सोळा महिन्यांचं नर्सिंग: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, कुणीतरी कुणाला तरी हमखास सांगत असतं, "अगं, तू नर्सिंग का नाही करत? सव्वा-दीड वर्षात होऊन जातं." ऐकणारीकडे पुण्याची बी.एस्सी. असते, बी.फार्म. असते, नाहीतर बी.एच.एम.एस. नवऱ्याची बदली नव्या शहरात झालेली असते आणि आपलं शिक्षण वाया चाललंय ही टोचणी असतेच. सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो आणि निम्मा खराही असतो. पण उरलेल्या निम्म्यावर घरचे पैसे, व्हिसा आणि दीड वर्षाची झोप अवलंबून असते, म्हणून तो निम्मा आधी समजून घ्यायला हवा.

या अभ्यासक्रमाला 'ॲक्सिलरेटेड बी.एस.एन.' म्हणतात. दुसऱ्या कुठल्याही विषयातली पदवी हातात असलेल्यांसाठी तो आखलेला आहे. सेंट लुइस विद्यापीठाने १९७१ मध्ये असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आज देशभरात असे अभ्यासक्रम आहेत आणि ते साधारण ११ ते १८ महिन्यांत पूर्ण होतात. हा वेग मात्र वर्ग सुरू झाल्यानंतरचा. त्याआधीची तयारी घाईने उरकता येत नाही. ती किमान सहा महिने, बऱ्याचदा वर्षभर आधी सुरू करावी लागते, आणि तिच्यात पाठ्यपुस्तकांचा वाटा सगळ्यांत कमी असतो.

"कमी वेळात मिळते, म्हणजे पदवी हलकी"

पदवी तीच, परवान्याची एनक्लेक्स-आरएन परीक्षा तीच, परवानाही तोच. चार वर्षांच्या पदवीतले भाषा, इतिहास, गणित असे विषय तुमच्या आधीच्या शिक्षणात झालेत असं धरतात आणि फक्त नर्सिंगचा भाग उन्हाळ्याची सुट्टी न देता सलग शिकवतात. राज्याच्या नर्सिंग मंडळाची मान्यता आणि सीसीएनई किंवा एसीईएन या संस्थांचं ॲक्रेडिटेशन आहे ना, एवढं तपासा. भारतात जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनी तर या वाटेला जायचं कारणच नाही. त्यांनी कागदपत्रांचं मूल्यांकन करून घेऊन थेट एनक्लेक्सला बसावं. त्या परीक्षेची केंद्रं भारतातही आहेत.

"पदवी आहे, म्हणजे प्रवेश पक्का"

इथे बऱ्याच जणींचं एक वर्ष जातं. भारतातली तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. प्रत्येक विद्यापीठ अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरत नाही. डब्ल्यूईएस, ईसीई यांसारख्या संस्थांकडून विषयवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं. त्यासाठी तुमच्या विद्यापीठाकडून गुणपत्रकांची अधिकृत प्रत थेट त्यांच्याकडे जावी लागते. ज्यांनी विद्यापीठाच्या खिडकीवर कधी खेटे घातलेत, त्यांना याला किती वेळ लागतो ते सांगायला नको.

मग येतात पूर्वअटींचे विषय. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग प्रयोगशाळेसह, मायक्रोबायोलॉजी, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, मानवी विकासाचं मानसशास्त्र, बहुतेक ठिकाणी पोषणशास्त्रही. अनेक महाविद्यालयांना यातले विज्ञानाचे विषय गेल्या पाच ते सात वर्षांत झालेले हवे असतात. पंधरा वर्षांपूर्वी मायक्रोत पहिला वर्ग मिळवलेला असला, तरी तो विषय पुन्हा करावा लागू शकतो. हे विषय कम्युनिटी कॉलेजात बरेच स्वस्तात होतात, पण ॲनाटॉमीचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, म्हणजे दोन सत्रं धराच. प्रत्येक महाविद्यालयाची यादी थोडी वेगळी असते. एकाच्या यादीप्रमाणे विषय करून दुसऱ्याकडे अर्ज केला, की एखादा विषय कमी पडतो आणि पुढची बॅच गाठावी लागते. म्हणून आधी तीन-चार महाविद्यालयं ठरवा आणि मगच विषयांना नाव नोंदवा.

"शिकता येतं, म्हणजे कामही करता येईल"

जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-४ व्हिसावर शिकता येतं, हे खरं. पण कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, नसेल तर नर्सचा परवाना हातात असूनही नोकरी करता येत नाही. जोडीदाराची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापुढे गेली असेल तर एच-४ वर ईएडी मिळू शकतो. ती सोय २०१५ पासून आहे. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिकलात तर पदवीनंतर साधारण वर्षभराचं ओपीटी, म्हणजे काम करण्याची मुभा मिळते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारी वाढीव मुदत नर्सिंगला नाही. वॉर्डातल्या नेहमीच्या नर्सिंग नोकरीसाठी एच-१बी मिळणंही अवघड, कारण त्या कामाला किमान अट म्हणून पदवीच लागते असं मानलं जात नाही. हे सगळं वकिलाशी आधी बोलून घ्या, फी भरल्यानंतर नव्हे.

पैशाचंही तसंच. अनेक खासगी विद्यापीठांत पूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च ५०,००० डॉलरच्या वर जातो. सरकारी कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं, एच-४ वाल्यांना नाही. ज्यांना मिळतं त्यांनाही दुसऱ्या पदवीसाठी पेल ग्रँट नसते, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षांसाठी स्वतंत्र विद्यार्थ्याला कर्जाची वार्षिक मर्यादा १२,५०० डॉलरची. पात्र असाल तर केंद्र सरकारची 'नर्स कोअर' शिष्यवृत्ती जरूर बघा. तिच्या बदल्यात तुटवडा असलेल्या ठिकाणी किमान दोन वर्षं काम करावं लागतं.

"सुट्टीत पुस्तकं वाचून ठेवली की झालं"

पुस्तकं वाचायला माझी हरकत नाही. पण पहिल्या क्लिनिकलच्या, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या, दिवशी तुम्हाला वॉर्डात पाऊल ठेवू देतात ते कागद पूर्ण असतील तरच. आणि भारतात लहानाचे मोठे झालेल्यांची यात खास अडचण असते.

गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, हेपटायटिस-बी या सगळ्यांविरुद्ध प्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा द्यावा लागतो. आपल्या पिढीतल्या अनेकांना सरकारी लसीकरणात गोवराची लस मिळाली, कांजिण्यांची नाही. लसीकरणाचं पिवळं पडलेलं कार्ड कोल्हापूरच्या माळ्यावर असेल किंवा नसेल. तेव्हा रक्ततपासणी करून टायटर, म्हणजे प्रतिपिंडांची पातळी, बघायचे, आणि कमी आले तर लस घ्यायची. हेपटायटिस-बीचे नेहमीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, शिवाय नंतर टायटर. म्हणजे इथेच अर्धं वर्ष गेलं. प्रौढांसाठी महिन्याच्या अंतराने दोनच डोसांची एक लस आता मिळते. डॉक्टरांना तिच्याबद्दल मुद्दाम विचारा.

क्षयाच्या तपासणीचं तर नीट समजून घ्यायलाच हवं. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची हातावरची त्वचाचाचणी क्षय नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे, चिठ्ठ्या, घबराट. त्याऐवजी 'इग्रा' ही रक्ताची चाचणी मागा. तिच्यात तपासले जाणारे घटक बीसीजीच्या लसीत नसतात, त्यामुळे लसीने निकाल फिरत नाही. ती पॉझिटिव्ह आलीच, तर छातीचा एक्स-रे काढतात. सुप्त संसर्ग असेल तर तो दुसऱ्याला लागत नाही आणि तीन-चार महिन्यांच्या औषधांनी त्याचा बंदोबस्त होतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एक क्रम मात्र चुकवू नका. एमएमआर आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत विषाणूच्या असतात. क्षयाची चाचणी त्यांच्या आधी किंवा त्याच दिवशी करायची, नाहीतर मध्ये किमान चार आठवडे जाऊ द्यायचे. सोमवारी लस आणि गुरुवारी चाचणी असं केलंत, तर निकाल ग्राह्य धरत नाहीत आणि महिना हातचा जातो.

याशिवाय बीएलएसचं, म्हणजे प्राथमिक जीवरक्षणाचं, प्रशिक्षण लागतं. बहुतेक महाविद्यालयांना अमेरिकन हार्ट असोसिएशनचं, आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचंच हवं असतं. पुतळ्यावर प्रत्यक्ष छाती दाबून दाखवल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. पार्श्वभूमीची तपासणी आणि अमली पदार्थांची चाचणी हेही आहेच. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी या चाचणीत ती सबब चालत नाही.

"गणित तर आपलं पक्कंच"

मराठी शाळेत पावकी-निमकी पाठ केलेल्यांना हा आत्मविश्वास असतो आणि तो योग्यच आहे. तरी औषधमात्रेच्या परीक्षेत पंचाईत होते, कारण ती ९० टक्क्यांना, काही ठिकाणी शंभर टक्क्यांनाच पास असते. नापास झालात तर क्लिनिकल थांबतं.

एक उदाहरण घ्या. पिशवीत २५० मिलिलिटरमध्ये २५,००० युनिट हेपॅरिन आहे. तासाला १,१०० युनिट द्यायचंय. पंप किती वर लावाल? एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट, म्हणजे तासाला ११ मिलिलिटर. आकडेमोड चौथीतली आहे. पण उत्तरापुढे 'मिलिलिटर प्रति तास' लिहिलं नाही, तर ते चूक. '११.०' लिहिलं तरीही चूक, कारण घाईत कुणी तो ठिपका चुकवून ११० वाचलं तर रुग्णाला दहापट औषध जाईल. याच कारणाने अर्धा लिहिताना '०.५' असंच लिहायचं, आधीचं शून्य गाळायचं नाही. वजन पौंडात सांगितलं जातं आणि मात्रा किलोला असते, म्हणून २.२ ने भागायची सवय लावा. रोज पाच गणितं, कागदावर, एककांसह. सुट्टीत करायचा अभ्यास म्हणाल तर मी हाच सुचवेन.

"घर कॉलेजजवळ घेतलं की सोय झाली"

वर्गाचे दिवस कमी असतात आणि क्लिनिकल शहरभर, कधी शेजारच्या काउंटीत. कुठल्या रुग्णालयात जायचं ते बऱ्याचदा सत्राच्या तोंडावर कळतं. पाळी सकाळी पावणेसातला सुरू होते, बारा तास चालते आणि शनिवार-रविवारीही असते. त्या वेळी शहर बस असेलच असं नाही. म्हणून आधी गाडीचा परवाना. भारतात वीस वर्षं गाडी चालवली असली तरी बर्फात एकदा, कुणाला शेजारी बसवून, चालवून बघा. घर बघताना कॉलेजपेक्षा महामार्गाची जवळीक बघा आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयांपर्यंत पहाटे किती वेळ लागतो ते मोजा.

मुलं लहान असतील तर त्याहून मोठा प्रश्न. अनेक डेकेअर सकाळी साडेसहा-सातला उघडतात. तुम्ही तर सहालाच घर सोडलेलं असतं. "आई-बाबांना बोलावून घेऊ" हा आपला ठरलेला उपाय. पण अभ्यागत व्हिसावर त्यांना एका वेळी सहसा सहा महिन्यांपर्यंतच राहता येतं, आणि अभ्यासक्रम सोळा महिन्यांचा. आई-बाबा आधी आणि सासू-सासरे नंतर, असा मेळ घातला तरी मधले महिने उरतातच. शिवाय साठी-सत्तरीतल्या माणसांवर परक्या गावात, हिवाळ्यात, दोन मुलांचा भार किती टाकायचा याचाही विचार व्हावा. जोडीदाराच्या कार्यालयात आधीच बोलून आठवड्यातल्या दोन सकाळी तरी त्याच्या नावावर ठेवा. नव्या गावात पहाटे साडेपाचला फोन उचलेल असं एक घर जोडा. हे अभ्यासाच्या तयारीतच धरा.

"थिअरी ऑनलाइन, सोबत नोकरीही होईल"

काही अभ्यासक्रमांत व्याख्यानं ऑनलाइन असतात. लॅब आणि क्लिनिकल प्रत्यक्षच होतात. पूर्णवेळ नोकरी करू नका असं महाविद्यालयं स्वतःच सांगतात, आणि ते ऐकावं.

"डॉक्टरकी केलीय, हे काय अवघड?"

होमिओपॅथी, आयुर्वेद, दंतवैद्यक, अगदी एम.बी.बी.एस. झालेलेही या वर्गांत दिसतात. शरीरशास्त्र त्यांना सोपं जातं आणि पहिल्या चाचणीत गुण कमी पडतात. प्रश्न वेगळा असतो म्हणून. सकाळी सात वाजता तुमच्याकडे चार रुग्ण आहेत. एकाला फुप्फुसांचा जुना आजार, ऑक्सिजन ९० टक्के. एकीची काल गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय, वेदना दहापैकी सात. एका मधुमेह्याची न्याहारीआधीची साखर १८०. चौथे सत्तरीचे गृहस्थ, काल पोटाची शस्त्रक्रिया झालेले. रात्री शांत होते, आता अस्वस्थ आहेत, नाडी ११८. आधी कुणाकडे जाल? पहिल्याचा ९० हा त्याच्या आजारात अपेक्षित आकडा आहे. दुसरीचं दुखणं खरं आहे, पण तेही अपेक्षित. तिसरा थांबू शकतो. चौथ्यांच्या अस्वस्थपणामागे आतला रक्तस्राव असू शकतो, आणि रक्तदाब खाली येण्याआधी नाडीच तो सांगत असते. त्यांच्याकडे आधी जायचं.

निदान कोणतं, हे इथे कुणी विचारत नाही. आत्ता, या क्षणी, नर्सने पहिल्यांदा काय करावं हे विचारतात. एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्सचं स्वरूपही याच दिशेने बदललं. रुग्णाची नोंदवही पुढे ठेवून पायरीपायरीने निर्णय विचारतात. परीक्षा पाच तासांपर्यंतची, प्रश्न ८५ ते १५०, आणि उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न ठरतो. पाठांतरावर मोठी झालेली आपली पिढी इथे अडखळते. उपाय एकच, पहिल्या आठवड्यापासून असे प्रश्न सोडवणं आणि चुकलेल्या उत्तराचं कारण वाचणं.

"परवाना मिळाला की देशभर चालतो"

परवाना राज्य देतं. चाळीसहून अधिक राज्यांनी आपसांत करार केलाय आणि त्यांचा बहुराज्यीय परवाना एकमेकांकडे चालतो. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्या करारात नाहीत. बहुराज्यीय परवान्याला सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो, जो ईएडी नसलेल्या एच-४ धारकांकडे नसतो. एका राज्यापुरत्या परवान्याचे नियम ज्या त्या मंडळाचे. जोडीदाराची पुन्हा बदली होण्याची शक्यता असेल तर हे आधीच तपासा.

महाविद्यालयाची फी भरण्याआधी आणखी एक करा. पहिल्या प्रयत्नात एनक्लेक्स पास होणाऱ्यांचं प्रमाण अनेक राज्यांची मंडळं दरवर्षी प्रसिद्ध करतात, ते बघा. पण ते मोजलं जातं परीक्षेपर्यंत पोचलेल्यांवरून. मध्येच गळालेल्यांचा त्यात हिशेब नसतो. म्हणून प्रवेश विभागाला फोन करून थेट विचारा, मागच्या बॅचमध्ये किती जणांनी सुरुवात केली आणि त्यांतले किती वेळेवर पदवीधर झाले. आकडा सांगायला टाळाटाळ झाली, तर यादीतल्या दुसऱ्या महाविद्यालयाला फोन लावा.